लक्ष लागणे आणि लक्ष लावणे : प्रौढांमधील एडीएचडी आणि त्यावरील उपचार

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :

१. प्रौढ वयातील एडीएचडी म्हणजे काय आणि त्याचे निदान कसे होते, हे स्वतःच्या शब्दांत सांगता येईल.
२. औषधोपचार आणि मानसोपचार यांची कार्ये वेगवेगळी कशी आहेत, हे स्पष्ट करता येईल.
३. अवधानाविषयी मराठीत रूढ असलेल्या शब्दांचा व क्रियापदांचा विचार करता येईल.
४. गरज भासल्यास मदत कोठे मागावी, हे ठरवता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, विवेचनपर लेखनाचा अभ्यास करताना एखादा शास्त्रीय विषय सोप्या पण अचूक मराठीत कसा मांडावा, हे आपण पाहत आहोत. या घटकासाठी मुद्दाम एक वैद्यकीय विषय निवडला आहे. त्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे या विषयात भाषेचा वाटा फार मोठा आहे. या विकाराला वैद्यकीय नाव मिळण्यापूर्वी माणसाला अनेक दूषणे मिळून गेलेली असतात. दुसरे कारण आपल्या अधिक जवळचे आहे. दूरशिक्षणाने पदवी घेणाऱ्यांमध्ये शिक्षण मध्येच सुटलेले अनेक जण असतात. कोणाचे घरच्या परिस्थितीमुळे सुटते, कोणाचे लग्नामुळे, कोणाचे नोकरीमुळे. काही जण मात्र सांगतात, "कारण काही नव्हते, सर, माझेच लक्ष नव्हते." या वाक्याकडे आपण येथे जरा थांबून पाहणार आहोत.

मी मुळशी तालुक्यात शिकवतो. स्वाध्याय तपासताना "हुशार आहे, पण लक्ष देत नाही" हा शेरा मी स्वतः अनेक वर्षे लिहीत आलो. भाषाविज्ञानाचा अभ्यासक असूनही त्यातील क्रियापद मी कधी तपासून पाहिले नव्हते. ते तपासल्यावर काय दिसले, हेही या घटकात सांगेन.

४.३ एक उदाहरण

आपण एक कल्पित उदाहरण घेऊ. पिरंगुटच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करणारी ३६ वर्षांची एक विद्यार्थिनी आहे. बारावीत दोनदा अनुत्तीर्ण झाल्यावर तिचे शिक्षण थांबले. आता मुलगा शाळेत जाऊ लागला आणि तिने बी.ए.च्या प्रथम वर्षाला प्रवेश घेतला.

कामावरून येऊन, स्वयंपाक आटोपून ती रात्री ९ वाजता पुस्तक उघडते. पहिल्या परिच्छेदाच्या मध्यावर गॅस बंद केला की नाही, हे पाहायला उठते. तिथे उद्याच्या डब्याची भाजी दिसते, म्हणून ती निवडायला बसते. भाजी अर्धी टाकून फोनवर आलेला निरोप वाचते. साडेदहा वाजतात आणि पुस्तक त्याच पानावर असते. तिचा स्वाध्याय मुदतीच्या आदल्या रात्री लिहिला जातो. लिहिलेली उत्तरे चांगली असतात, पण दुसरा प्रश्न वाचायचाच राहून गेलेला असतो. किल्ल्या, विजेचे बिल, मुलाच्या शाळेतील पालकसभा यांपैकी काहीतरी रोज निसटते.

हीच विद्यार्थिनी गौरीच्या सणाला रांगोळी काढायला बसली की तीन तास मान वर करत नाही. त्यामुळे घरच्यांचे मत पक्के झालेले आहे : "मनात आणलं तर सगळं करते, मनातच आणत नाही." कोणी रोज बदाम भिजवून खायला सांगते, कोणी पहाटे उठून ध्यान करायला सांगते. ती दोन्ही करून पाहते. दोन्ही आठवड्याभरात सुटतात आणि 'आरंभशूर' ही आणखी एक पदवी तिला मिळते.

पुढे मुलाच्या शिक्षकांच्या सांगण्यावरून मुलाची तपासणी झाली. डॉक्टर मुलाची लक्षणे एकेक करून विचारत होते, तेव्हा तिला वाटले, हे तर माझ्याच लहानपणाचे वर्णन आहे. अनेक प्रौढांना स्वतःच्या अडचणीचा सुगावा असाच, अपत्याच्या निदानाच्या वेळी लागतो.

४.४ भाषा काय सांगते?

आता आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पाहू. 'लक्ष' या नामाबरोबर मराठीत अनेक क्रियापदे येतात : लक्ष देणे, लक्ष ठेवणे, लक्ष जाणे, लक्ष उडणे, लक्ष लागणे, लक्ष लावणे. यांतील 'मी लक्ष देतो' या वाक्यात 'मी' कर्ता आहे आणि क्रिया त्याच्या इच्छेने घडते. 'माझे लक्ष लागत नाही' या वाक्यात मात्र 'मी' कर्त्याच्या जागेवरून हटतो. कर्ता 'लक्ष' होते आणि ते लागते किंवा लागत नाही.

'लागणे' हे क्रियापद आपण आणखी कोठे वापरतो, ते पाहा. भूक लागते, तहान लागते, झोप लागते, तंद्री लागते. या सर्व शरीर-मनाच्या अशा अवस्था आहेत, ज्या केवळ ठरवून आणता येत नाहीत. झोप येत नसलेल्या माणसाला "तू झोपेकडे मन देत नाहीस" असे कोणी रागावत नाही. लक्ष लागत नसलेल्या माणसाला मात्र आपण "लक्ष दे" असेच सांगतो. तक्रार एका क्रियापदात मांडली जाते आणि उपदेश दुसऱ्या क्रियापदात केला जातो. माझ्या शेऱ्यातली चूक हीच होती.

'लागणे' या क्रियापदाचे प्रयोजक रूप 'लावणे' असे आहे. सवय लागते आणि सवय लावता येते. वळण लागते आणि वळण लावता येते. तसेच लक्ष लागते आणि, योग्य साधने व मांडणी असेल तर, ते काही प्रमाणात लावताही येते. 'लागणे' आणि 'लावणे' ही जोडी ध्यानात ठेवा. पुढे औषधोपचार आणि मानसोपचार यांतील फरक समजून घेताना तिचा उपयोग होईल.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. भाषेची रचना हा वैद्यकीय पुरावा नव्हे. आपण केवळ असे म्हणू शकतो की, लक्ष हे पूर्णपणे इच्छेच्या ताब्यात नसते, हा अनुभव मराठी बोलणाऱ्यांनी आपल्या क्रियापदांत नोंदवून ठेवला आहे.

या विकाराला मराठीत 'अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार' असे म्हणतात. 'अवधान' हा शब्द आपल्याला ज्ञानेश्वरीमुळे परिचित आहे. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधानच मागतात. 'अव' हा उपसर्ग आणि 'ठेवणे' या अर्थाचा 'धा' हा धातू यांपासून तो शब्द बनला आहे. अवधान म्हणजे मन एके ठिकाणी ठेवणे. मात्र 'न्यूनता' हा शब्द थोडा फसवा आहे. रांगोळीपुढे तीन तास बसणाऱ्या स्त्रीजवळ अवधान कमी आहे, असे कसे म्हणावे? अडचण नियमनाची आहे. मुळशीकरांना हे धरणाच्या उदाहरणाने चटकन समजेल. ताम्हिणीच्या परिसरात पावसाला तोटा नसतो. परंतु साठलेले पाणी केव्हा, किती आणि कोणत्या बाजूने सोडायचे, हे दरवाजांवर अवलंबून असते. एडीएचडीमध्ये पाणी असते, पण दरवाजे वेळेवर उघडत व मिटत नाहीत.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : 'लागणे' हे क्रियापद येणारी आणखी पाच वाक्ये लिहा. त्यांपैकी कोणत्या वाक्यांत 'लावणे' वापरता येते, ते पाहा.

४.५ विकाराचे स्वरूप आणि निदान

हा विकार मोबाईलच्या काळात जन्मलेला नाही. स्कॉटलंडचे वैद्य अलेक्झांडर क्राइटन यांनी १७९८ मध्येच अवधानाच्या अशा अस्थिरतेचे वर्णन केले होते. १९०२ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयी व्याख्याने दिली. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेत 'अवधान-न्यूनता' हे नाव स्वीकारले. दीर्घकाळ हा केवळ मुलांचा आजार समजला गेला आणि वय वाढले की तो जातो, असे मानले गेले. अनेकांच्या बाबतीत तो पूर्णपणे जात नाही, हे पुढे स्पष्ट झाले. शरीराची चंचलता वयानुसार कमी होते, पण विस्मरण, दिरंगाई आणि कामांची विस्कळीत मांडणी टिकून राहते.

जगभरातील पाहण्यांवरून प्रौढांमध्ये या विकाराचे प्रमाण सुमारे अडीच टक्के मानले जाते. म्हणजे संपर्कसत्राच्या ४० जणांच्या वर्गात सरासरीने एक जण. हा विकार मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे, असे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसले आहे. आईबापांनी लाड केले किंवा शिस्त लावली नाही, म्हणून तो होत नाही. मुलींमध्ये धावपळ व दंगा कमी असतो. वर्गात शांत बसून खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलीची तक्रार कोणी करत नाही, म्हणून तिचे निदान अनेकदा राहून जाते.

२०१३ च्या निदान-पुस्तिकेनुसार अवधानाशी संबंधित ९ आणि चंचलता व उतावळेपणाशी संबंधित ९ लक्षणे आहेत. १७ वर्षे व त्यापुढील व्यक्तीत यांपैकी कोणत्याही एका गटातील किमान ५ लक्षणे किमान सहा महिने असावी लागतात. त्यांतील काही लक्षणे १२ वर्षांच्या वयाआधीपासून दिसलेली असावीत. ती घर, काम, शिक्षण यांपैकी एकाहून अधिक ठिकाणी जाणवावीत आणि त्यांमुळे जगण्यात खरोखर अडथळा येत असावा. रक्ताच्या तपासणीने किंवा मेंदूच्या छायाचित्राने हे निदान होत नाही. मनोविकारतज्ज्ञ सविस्तर बोलतात, लहानपणाची माहिती घेतात, शक्य असल्यास आई, मोठा भाऊ किंवा जोडीदाराशी बोलतात.

येथे वाचकाने घाई करू नये. किल्ली विसरणारा प्रत्येक माणूस एडीएचडीचा रुग्ण नसतो. अपुरी झोप, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, चिंता, मद्यपान यांमुळेही लक्ष लागेनासे होते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत सर्व ठीक होते आणि आता लक्ष लागत नाही, असे असेल तर कारण बहुधा दुसरे असते. म्हणून हा घटक वाचून स्वतःचे किंवा शेजाऱ्याचे निदान करू नये. फार तर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तयार करावेत.

४.६ औषधोपचार

मेंदूतील एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे निरोप जाताना डोपामिन व नॉरॲड्रेनलिन ही रसायने उपयोगी पडतात. निरोप पोहोचला की पहिली पेशी ती परत शोषून घेते. मिथाइलफेनिडेट हे औषध या शोषणाला अडथळा करते. त्यामुळे रसायने अधिक काळ आपले काम करू शकतात आणि हातातील कामाचा संकेत इतर गोंगाटात हरवत नाही. हे औषध १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीत लिआंद्रो पानित्सोन या रसायनशास्त्रज्ञाने तयार केले. त्याआधी १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी काही मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिले असता त्यांच्या अभ्यासात सुधारणा झाल्याचे नोंदवले होते. उत्तेजक औषधाने चंचल मूल स्थिरावते, हे ऐकायला विचित्र वाटते. परंतु येथे नियमन करणारी यंत्रणाच जागी होते, असे समजले तर ते विचित्र राहत नाही.

भारतात प्रौढांसाठी प्रामुख्याने मिथाइलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटिन ही औषधे वापरली जातात. मिथाइलफेनिडेटचा परिणाम साधारण तासाभरात जाणवू लागतो. साध्या गोळीचा प्रभाव ३ ते ४ तास टिकतो, तर दीर्घकाळ काम करणाऱ्या गोळीचा ८ ते १२ तास. ॲटोमॉक्सेटिन हे उत्तेजक औषध नाही. ते रोज घ्यावे लागते आणि त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. 'दोन दिवस घेतले, गुण आला नाही' म्हणून ते सोडणे चुकीचे आहे.

दोन्ही औषधांची सुरुवात कमी मात्रेने होते आणि परिणाम पाहत मात्रा हळूहळू वाढवली जाते. भूक मंदावणे, डोके दुखणे, झोप न लागणे, तोंडाला कोरड पडणे, चिडचिड, नाडीचा वेग व रक्तदाब वाढणे हे त्यांचे दुष्परिणाम होऊ शकतात. म्हणून वजन, नाडी व रक्तदाब यांची वेळोवेळी तपासणी करावी लागते. हृदयविकार, उच्च रक्तदाब, काचबिंदू, पूर्वीचा एखादा मानसिक आजार, व्यसन, गर्भारपण यांपैकी काहीही असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगावे. औषध सुरू झाल्यावर मनात आत्महत्येचे विचार येऊ लागले किंवा वागण्यात मोठा बदल झाला, तर लगेच डॉक्टरांशी बोलावे.

"सवय लागेल का?" हा प्रश्न घरातील सर्वजण विचारतात आणि तो रास्त आहे. सांगितलेल्या मात्रेत, तोंडावाटे, देखरेखीखाली घेतल्यास हा धोका कमी असतो. गैरवापर मात्र होऊ शकतो. म्हणूनच मिथाइलफेनिडेट १९८५ च्या अंमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाच्या कक्षेत येते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. परीक्षेच्या तोंडावर मैत्रिणीला 'एक गोळी दे' असे कोणी म्हणाले, तर ती देणे धोक्याचे आहे आणि कायद्याच्या विरुद्धही आहे.

आपल्या उदाहरणातील विद्यार्थिनीकडे पुन्हा वळू. सकाळी घेतलेल्या गोळीमुळे स्टोअरमधील नोंदी चुकणे कमी झाले. परंतु रात्री ९ वाजता पुस्तक उघडले की पुन्हा तीच गत. यात गूढ काही नाही. सकाळच्या गोळीचा प्रभाव तोवर ओसरलेला असतो. संध्याकाळी उशिरा आणखी एक गोळी घेतली तर झोप जाते. म्हणून तिने डॉक्टरांशी बोलून वाचनाची वेळच बदलली : सुट्टीच्या दिवशी सकाळी दोन तास आणि कामाच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर वीस मिनिटे. नोकरी करून शिकणाऱ्या प्रत्येक रुग्णाने औषधाची वेळ आणि अभ्यासाची वेळ हा प्रश्न डॉक्टरांपुढे स्पष्ट शब्दांत ठेवावा.

औषध काय करते? ते लक्ष लागणे सुकर करते. ते कशाला लागावे, हे औषध ठरवत नाही. गोळी घेऊन समोर फोन ठेवला, तर लक्ष फोनलाही उत्तम लागते.

४.७ मानसोपचार

येथे 'लावणे' या क्रियापदाचा प्रांत सुरू होतो. प्रौढ एडीएचडीसाठी बोधात्मक-वर्तनात्मक उपचारपद्धतीचा सर्वाधिक अभ्यास झालेला आहे. विचार, भावना आणि वर्तन यांचे परस्परसंबंध तपासून त्यांत बदल घडवणे, हे तिचे सूत्र. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात अशा पद्धतींचा पाया घातला. एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीचा परिचय कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांना करून दिला. त्यामुळे या उपचारातील अनेक संकल्पनांना आज रुळलेले मराठी शब्द उपलब्ध आहेत. मन मोकळे करायचे तर ते मातृभाषेतच, म्हणून ही गोष्ट लहान नाही.

या उपचारात काय घडते, ते क्रमाने पाहू.

पहिला टप्पा मांडणीचा. एकच वही आणि एकच दिनदर्शिका, हा नियम ठरतो. आठवण मेंदूत ठेवायची नाही, भिंतीवर ठेवायची. किल्ल्यांसाठी दाराजवळ एकच खुंटी. स्मरणशक्ती वाढवण्याचा हा प्रयत्न नाही. स्मरणशक्तीवर टाकलेले ओझे उतरवण्याचा आहे.

दुसरा टप्पा कामाचे तुकडे करण्याचा. 'स्वाध्याय पूर्ण करणे' हे काम एवढे मोठे आहे की त्याला हात घालवत नाही. 'प्रश्न वाचणे', 'तीन मुद्दे लिहिणे', 'पहिला परिच्छेद लिहिणे' अशी त्याची कामे होतात. आपले लक्ष सलग किती मिनिटे टिकते, हे घड्याळ लावून मोजायचे आणि तुकडा तेवढाच करायचा. बारा मिनिटे टिकत असेल तर बारा मिनिटांचा.

तिसरा टप्पा विचलनाचा. वाचताना गॅसची आठवण आली, तर उठायचे नाही. शेजारच्या कागदावर 'गॅस' असे लिहायचे आणि पुढे वाचायचे. तुकडा संपल्यावर कागद पाहायचा. कागदावरील निम्म्या गोष्टी तोवर निकडीच्या राहिलेल्या नसतात. (गॅस मात्र पुस्तक उघडण्यापूर्वीच पाहून यावा.)

चौथा टप्पा विचारांचा. वर्षानुवर्षे 'धांदरट', 'वेंधळी', 'आळशी', 'एक ना धड भाराभर चिंध्या' असे ऐकलेले माणूस ते शब्द स्वतःच स्वतःला म्हणू लागते. मग काम सुरू करण्याआधीच 'आपल्याच्याने होणार नाही' हा विचार येतो, तो नकोसा वाटतो म्हणून काम टाळले जाते, आणि टाळल्यामुळे तो विचार खरा ठरतो. एलिस यांचा आग्रह असा की, कृतीचे मूल्यमापन करावे, संपूर्ण माणसाचे करू नये. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर स्वतःला विशेषण लावण्याऐवजी घडलेली गोष्ट क्रियापदाने सांगावी. 'मी आळशी आहे' या वाक्यातून पुढे जाण्याची वाट नाही. 'या आठवड्यात दोन प्रश्न लिहून झाले, एक राहिला' या वाक्यात राहिलेल्या प्रश्नाचे काय करायचे, हा विचार आपोआप येतो.

या उपचारालाही मर्यादा आहेत. तो आठवड्याला एक बैठक याप्रमाणे काही महिने चालतो. त्यासाठी वेळ, प्रवासखर्च आणि सराव लागतो. आणि सराव विसरणे हेच तर या विकाराचे लक्षण आहे. म्हणून घरातील एखाद्या व्यक्तीने, रागावण्याऐवजी, ठरलेल्या वेळी आठवण करून देण्याचे काम घेतले तर फार उपयोग होतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न २ : पुढील वाक्ये विशेषण टाळून, घडलेली गोष्ट सांगणारी करा. (अ) मी विसरभोळा आहे. (आ) ती चालढकल करणारी आहे. (इ) तो आरंभशूर आहे.

४.८ दोन्ही उपचारांचा मेळ

औषध की मानसोपचार, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. उपलब्ध अभ्यास काय सांगतात? २०१८ मध्ये 'लॅन्सेट सायकिॲट्री' या नियतकालिकात १३३ औषध-चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. मुख्य लक्षणे कमी करण्यात औषधे परिणामकारक ठरतात, असे त्यातून दिसले. मात्र त्यातील तुलना प्रामुख्याने सुमारे १२ आठवड्यांच्या कालावधीपुरती होती. अनेक वर्षांच्या परिणामांविषयी तेवढ्याच ठामपणे बोलता येत नाही.

दुसरा अभ्यास २०१० चा, अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेला. त्यात ८६ प्रौढ होते. ते सर्व औषध घेत होते आणि तरीही त्यांच्या काही अडचणी उरल्या होत्या. त्यांच्यापैकी एका गटाला बोधात्मक-वर्तनात्मक उपचार आणि दुसऱ्या गटाला शिथिलीकरण व माहितीपर आधार देण्यात आला. पहिल्या गटातील सुधारणा अधिक होती. याचा अर्थ असा की, औषधानंतरही शिकण्यासारखे बरेच उरते. ब्रिटनमधील २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांचा क्रमही लक्षात घेण्यासारखा आहे : आधी भोवतालच्या मांडणीत बदल, त्यानंतरही मोठी अडचण राहिली तर प्रौढांना औषध, आणि औषध नको असणाऱ्यांना किंवा औषध घेऊनही अडचणी उरलेल्यांना मानसोपचाराचा पर्याय.

आपल्या जोडीकडे परत येऊ. औषधाने लक्ष लागू लागते; मानसोपचाराने ते लावायला शिकता येते. नुसत्या 'लागण्याने' दिवस सुधारतो, पण सवयी जुन्याच राहतात. नुसत्या 'लावण्याचा' प्रयत्न काहींना जमतो, तर ज्यांची लक्षणे तीव्र आहेत त्यांना उपदेशासारखाच जड जातो. कोणाला काय, किती आणि कोणत्या क्रमाने द्यावे, हे त्या व्यक्तीच्या लक्षणांवर, प्रकृतीवर आणि परिस्थितीवर ठरते.

४.९ मदत कोठे मिळेल?

औषध देण्याचा अधिकार डॉक्टरांना असतो. या विकारासाठी मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. मानसोपचार चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित मनोविकारतज्ज्ञ करतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ती आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

मुळशी तालुक्यातील विद्यार्थ्याला पौडच्या ग्रामीण रुग्णालयात प्रथम चौकशी करता येईल. पुढे औंधचे जिल्हा रुग्णालय, ससून सर्वोपचार रुग्णालयाचा मनोविकार विभाग आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय ही शासकीय ठिकाणे आहेत. 'येरवड्याला जाणे' हा पुण्याकडे चेष्टेचा विषय असतो, पण बाह्यरुग्ण विभागात तपासून घरी परतणे हे रक्तदाब तपासून घेण्याहून वेगळे नाही. प्रवास शक्य नसेल तर 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या या सेवेवर मराठीतही बोलता येते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार शासकीय सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. आरोग्यविम्यातही मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच स्थान द्यावे, अशी त्यात तरतूद आहे.

डॉक्टरांकडे जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तके मिळाल्यास बरोबर न्यावीत. "हुशार आहे, पण..." असे सुरू होणारे शेरे ज्यांनी अपमान म्हणून दडवून ठेवले, त्यांना ते आता पुरावा म्हणून उपयोगी पडू शकतात.

४.१० सारांश

एडीएचडी हा अवधानाच्या नियमनाचा, बालपणापासूनचा विकार असून अनेकांमध्ये तो प्रौढ वयातही टिकतो. त्याचे निदान तज्ज्ञाने सविस्तर मुलाखतीतून करायचे असते. औषधे मेंदूतील रसायनांच्या माध्यमातून लक्ष लागणे सुकर करतात. त्यांना वेळेच्या व दुष्परिणामांच्या मर्यादा आहेत. मानसोपचार मांडणी, कामाचे तुकडे, विचलनावर उपाय आणि स्वतःविषयीच्या विचारांची तपासणी यांतून लक्ष लावण्याची सवय घडवतो. दोन्ही परस्परपूरक आहेत.

मी हल्ली स्वाध्यायावर तो जुना शेरा लिहीत नाही. अर्धवट राहिलेल्या उत्तराखाली "येथे काय अडले? संपर्कसत्रात भेटा" असे लिहितो. सर्व जण भेटत नाहीत. जे भेटतात, त्यांच्याशी बोलणे मात्र वेगळ्या वाक्याने सुरू होते.

४.११ शब्दार्थ

अवधान : मन एका विषयावर ठेवणे, लक्ष.
प्रयोजक क्रियापद : कर्ता दुसऱ्याकडून किंवा दुसऱ्याच्या बाबतीत क्रिया घडवून आणतो, असा अर्थ दाखवणारे क्रियापद.
विचलन : हातातील कामावरून लक्ष दुसरीकडे जाणे.
आरंभशूर : कामाची सुरुवात उत्साहाने करून ते पुरे न करणारा.
बाह्यरुग्ण विभाग : रुग्णालयात दाखल न होता तपासणी व उपचार घेण्याचा विभाग.

४.१२ सरावासाठी प्रश्न

१. "एडीएचडी ही अवधानाच्या अभावापेक्षा नियमनाची अडचण आहे." उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. औषधोपचाराची कार्ये व मर्यादा लिहा.
३. बोधात्मक-वर्तनात्मक उपचारपद्धतीचे टप्पे स्वतःच्या दिनक्रमातील उदाहरणे देऊन सांगा.
४. 'लक्ष देणे', 'लक्ष लागणे' आणि 'लक्ष लावणे' यांतील अर्थभेद व्याकरणाच्या आधारे विशद करा.

उपक्रम : आपल्या घरी व गावात विसराळू किंवा चंचल माणसासाठी वापरले जाणारे शब्द गोळा करा. त्यांपैकी कोणते शब्द वर्तनाचे वर्णन करतात आणि कोणते माणसावर शिक्का मारतात, अशी वर्गवारी करून पुढील संपर्कसत्रात आणा.